दोरी ओढली की वेळ सांगणारे घड्याळ

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या बिऱ्हाडात दोन घड्याळे होती. एक बाहेरच्या खोलीत भिंतीवर टांगलेले, लांबट काचेच्या दाराचे, अमेरिकेतल्या ॲन्सोनिया कंपनीचे. त्या जातीची घड्याळे ठाकुरद्वारापासून दादरपर्यंत कितीतरी घरांत होती, त्यामुळे त्याचे कुणाला कौतुक नव्हते. दुसरे आतल्या खोलीत, देवघराशेजारी, सुताराकडून मुद्दाम करवून घेतलेल्या फळीवर बसलेले असे. काळ्या लाकडाची पेटी, वर पितळी कडी, पुढे कमानदार पितळी तबकडी, मागच्या बाजूलाही काचेचे दार, आणि उजव्या कुशीतून लोंबणारी एक रेशमी दोरी! या घड्याळाला घरात सगळे ‘साहेब’ म्हणत. ‘‘साहेबांना चावी दिली का रे?’’ असे आजोबा दर रविवारी सकाळी विचारीत, आणि विचारून झाल्यावर स्वतःच उठून देत. ते काम दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायची त्यांची तयारी नव्हती.

आजोबा फोर्टातल्या एका विलायती पेढीत हेडक्लार्क होते. पेढीतला एक साहेब १९३४ साली कायमचा मायदेशी परतला, तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. इतरांनी कपाटे, खुर्च्या, चिनी मातीची भांडी घेतली. आजोबांनी दीड महिन्याचा पगार मोजून हे घड्याळ घेतले आणि व्हिक्टोरिया करून घरी आणले. आजीने म्हणे पंधरा दिवस त्यांच्याशी आणि घड्याळाशी अबोला धरला होता.

आज हे सारे आठवायचे कारण असे, की आमची चाळ आता पाडली जात आहे. तिथे मोठी इमारत उठेल तोवर आम्ही दोघे भाऊ दोन ठिकाणी आहोत. मी परळला भाड्याच्या जागेत आणि धाकटा दादरला. चाळ सोडताना भांड्याकुंड्यांची वाटणी तासाभरात झाली. अडले ते साहेबांपाशी. घड्याळ अकरा वर्षे बंद होते. धाकटा म्हणाला, ‘‘दादा, विकून टाकू आणि पैसे निम्मे-निम्मे घेऊ. घड्याळाची काही वाटणी होत नाही.’’ त्याचे म्हणणे चुकीचे होते असे नाही. पण बंद घड्याळ विकणे माझ्या जिवावर आले. निदान एकदा ते चालते करू, मग पाहू, असे ठरले.

घराजवळच्या एका दुकानदाराने पेटी उघडून पाहिली आणि सांगितले, ‘‘आतले सगळे काढून टाका. सेलचे मशीन बसवून देतो. आवाज नाही, चावी नाही, कटकट नाही.’’ मी ‘विचार करून सांगतो’ म्हणालो आणि पेटी पुन्हा उचलली. तिला वर कडी का असते, हे त्या दिवशी मला प्रथम कळले.

फळीवरचे पाहुणे

इंग्रजीत या जातीला ‘ब्रॅकेट क्लॉक’ म्हणतात. भिंतीला ठोकलेल्या फळीवर, म्हणजे ब्रॅकेटवर, बसणारे म्हणून हे नाव. प्रत्यक्षात ती बहुधा मेजावर किंवा कपाटावरच बसत. पण नाव चिकटले ते चिकटले.

या घड्याळाचा जन्म समजून घ्यायचा तर साडेतीनशे वर्षांहून अधिक मागे जावे लागते. १६५६ साली हॉलंडमधल्या ख्रिस्तियान हायगेन्स या शास्त्रज्ञाने घड्याळाला लंबक जोडला. तोवर यांत्रिक घड्याळे वेळ दाखवीत, पण ती वेळ खरी असेलच अशी खात्री नसे. १६५८ साली फ्रोमँटील या घड्याळजीने लंडनच्या वृत्तपत्रात लंबकाच्या घड्याळांची जाहिरात दिली, आणि तिथून पुढची शंभर-सव्वाशे वर्षे लंडन हे घड्याळांचे मोठे माहेरघर बनले. घड्याळजींची संघटना तिथे १६३१ सालीच राजाच्या सनदेने स्थापन झालेली होती. त्यांच्यात सर्वांत थोर मानला गेला तो टॉमस टॉम्पियन. हा लोहाराचा मुलगा १७१३ साली वारला, तेव्हा त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळाली. पुढे १७५१ साली त्याचा वारस जॉर्ज ग्रॅहम वारला, त्यालाही त्याच थडग्यात ठेवले. राजेरजवाड्यांच्या त्या मंदिरात दोन घड्याळजी शेजारी शेजारी निजले आहेत!

उंच, माणसाएवढी घड्याळे वजनांवर चालत. वजन खाली उतरायला उंची हवी, म्हणून ती जागची हलवता येत नसत. ब्रॅकेट घड्याळात वजनाऐवजी पोलादी कमान असते. त्यामुळे ते लहान झाले आणि उचलता येऊ लागले. घड्याळ इतके महाग, की श्रीमंताच्या घरातही दिवाणखान्यात एक आणि शयनगृहात एक, असे परवडत नसे. मग दिवसा ते दिवाणखान्यात आणि रात्री उशाशी! नोकराने उचलून न्यावे म्हणून वर कडी, आणि कुठूनही पाहिले तरी शोभावे म्हणून मागेही काच. त्या काचेआडच्या पितळी पत्र्यावर कोरीव वेलबुट्टी असते. आमच्या साहेबांच्या पाठीवरची वेलबुट्टी पैठणीच्या पदराला शोभेल अशी आहे, हे मी वयाच्या सत्तरीत प्रथम पाहिले. कारण आजन्म त्यांची पाठ भिंतीकडे होती.

लालबागचे मास्तर

एका स्नेह्याने लालबागच्या एका म्हाताऱ्या कारागिराचे नाव सांगितले. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. वडील गिरणीत जॉबर होते. ‘‘आमच्या आळीत घड्याळ कुणाकडे होतं?’’ मास्तर सांगू लागले. ‘‘गिरणीचा भोंगा हेच घड्याळ. पहिल्या भोंग्याला उठायचं, दुसऱ्याला पळायचं. बाबांना वाटलं, पोरानं भोंग्याचा नोकर होऊ नये. म्हणून मला घड्याळाच्या दुकानात चिकटवलं.’’ १९८२ च्या संपानंतर एकेक भोंगा मुका झाला. मास्तरांची लहानशी खोली मात्र अजून टिकटिकते आहे.

त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि पेटीतून यंत्र बाहेर काढले. मग मला जवळ बसवून घेतले. त्यांनी जे दाखवले ते सोपे करून सांगतो.

पहिली गोष्ट कमानीची. कमान पितळी डब्यात गुंडाळलेली असते. चावी दिल्या दिल्या ती जोराने ओढते आणि सैल होत गेली की जोर ओसरतो. म्हणजे घड्याळ रविवारी पळेल आणि शनिवारी रखडेल. यावर जुन्या कारागिरांनी काढलेला तोडगा पाहून मी थक्क झालो. आपल्या पोरांचा भोवरा आठवा. तसाच शंकूच्या आकाराचा, अंगावर वळ्या कोरलेला एक पितळी भोवरा कमानीच्या डब्याशेजारी असतो. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते तशी तात डब्यापासून भोवऱ्यापर्यंत गेलेली असते. चावी भरलेली असताना कमान तात ओढते ती भोवऱ्याच्या निमुळत्या टोकावरून. तिथे जोर जास्त, पण पकड तोकडी. कमान थकत जाते तशी तात रुंद बुडाकडे सरकते. तिथे जोर कमी, पण पकड लांब. दार बिजागरीजवळ ढकलले तर जड जाते आणि कडीजवळ ढकलले तर हलके, तोच हा न्याय! आठही दिवस चाकांना मिळणारा जोर जवळजवळ सारखा राहतो. या भोवऱ्याला ‘फ्यूझी’ म्हणतात.

पुढे पुष्कळ घड्याळांत तातेच्या जागी पोलादी साखळी आली. ती सायकलच्या साखळीसारखीच, पण खिशातल्या घड्याळासाठी घोड्याच्या केसाइतकी बारीक. १७९० पासून इंग्लंडच्या दक्षिणेला ख्राइस्टचर्च या गावी अशा साखळ्यांचा मोठा धंदा चाले, आणि त्या कड्या जोडीत बायका आणि लहान मुले. अनाथालयातल्या मुलींच्या कोवळ्या डोळ्यांवर त्या साखळ्या तयार झाल्या. घड्याळाच्या तबकडीवर नाव मात्र एकट्या लंडनच्या मालकाचे!

खरे म्हणजे एका घड्याळात कितीतरी हात असत. चाके कापणारा वेगळा, कमान करणारा वेगळा, पितळ ओतणारा, वेलबुट्टी कोरणारा आणि पेटीचा सुतार वेगळा. लंडनच्या क्लर्कनवेल भागात हे सारे गल्लोगल्ली राहत. काळी पेटी कधी आबनुसाची असे. हे लाकूड आपल्या टेंभुर्णीच्या जातकुळीतले. कधी पेअरसारखे लाकूड काळे रंगवून आबनूस म्हणून शोभवीत. आमच्या साहेबांची पेटी या दुसऱ्या प्रकारची. तेव्हा साहेबांचे काळेपण रंगवलेले निघाले, याचे मला थोडे हसू आले.

अंधारातली वेळ

आता ती रेशमी दोरी. काड्यापेटी आणि विजेचे दिवे येण्यापूर्वी रात्री वेळ पाहायची म्हणजे चकमक झाडून मेणबत्ती लावणे आले. १६७६ च्या सुमारास एडवर्ड बार्लो नावाच्या पाद्र्याने ठोक्यांची नवी रचना काढली. जुन्या रचनेत ठोके ठरलेल्या क्रमानेच पडत; एकदा चुकले की चुकत जात. नव्या रचनेत तासकाट्याबरोबर फिरणारी, गोगलगाईच्या आकाराची बारा पायऱ्यांची एक चकती असते. एक दातेरी पट्टी त्या पायरीवर टेकते आणि जितकी खाली जाईल तितके ठोके पडतात. मग हवे तेव्हा दोरी ओढावी आणि अंधारात वेळ ऐकावी. खिशातल्या घड्याळातल्या अशाच सोयीबद्दल बार्लो आणि डॅनियल क्वेअर यांचा तंटा १६८७ मध्ये थेट राजा दुसऱ्या जेम्ससमोर गेला, आणि निकाल क्वेअरच्या बाजूने लागला.

आमच्या घरी या दोरीचा उपयोग वेगळा होता. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा दोन खोल्यांत आम्ही आठ माणसे निजत असू. दिवा लावला तर सगळे जागे होत. आई रात्री उठे, चाचपडत फळीपाशी जाई आणि दोरी ओढी. मोठ्या घंटेवर तासाचे ठोके, मग लहान घंटांवर पावतासाचे. ‘टिंग-टँग, टिंग-टँग’ ऐकून आई औषधाचा चमचा भरी. आम्ही पोरे झोपेत ते ऐकत असू. मोठेपणी वाटे, की ते स्वप्न होते.

एकोणचाळीस मिनिटांचे भांडण

साहेबांची आणखी एक खोड वडील सांगत. त्यांचे काटे भारतीय प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे असत, आणि तेही आजोबांच्या हुकमावरून!

१ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या देशासाठी ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची एकच वेळ ठरवली. मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे होती. ती एकाएकी एकोणचाळीस मिनिटांनी पुढे ढकलायची म्हणजे सूर्य उगवण्याआधीच कामावर जायचे! कर्झनच्या कारभारावर लोक आधीच चिडलेले, त्यात हे. शहरात सभा झाल्या, गिरण्यांत गडबड झाली, आणि नगरपालिकेने आपली घड्याळे मुंबई वेळेवरच ठेवायचा ठराव केला. रेल्वे एका वेळेवर आणि शहर दुसऱ्या, असा संसार पुढे बरीच वर्षे चालला. लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढे ‘स्टँ. टा.’ छापावे लागे, नाहीतर वऱ्हाड अक्षता पडल्यावर पोहोचायचे. १९५५ पर्यंत मुंबई वेळ कुठे ना कुठे जिवंत होती. आजोबा ॲन्सोनियावर कचेरीची वेळ ठेवीत आणि साहेबांवर मुंबईची. म्हणजे घरातले विलायती घड्याळच सरकारचे ऐकत नसे!

लग्नाचा मुहूर्त तर त्याहून जुन्या घड्याळावर. गंगाळातल्या पाण्यावर तरंगणारे, बुडाला छिद्र असलेले घटिकापात्र चोवीस मिनिटांत बुडे, की एक घटका झाली. दिवसाच्या साठ घटका. वेळ मोजायला आपल्या लोकांनी साहेबाची वाट पाहिली नव्हती. साहेबाने आणली ती मिनिटांची शिस्त, आणि ती गावाला ऐकवणारे मनोरे. राणीच्या बागेजवळचा ससून मनोरा १८६५ चा. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावे दिलेल्या दोन लाखांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला; उंची दोनशे ऐंशी फूट. त्यातले घड्याळ लंडनच्या लंड अँड ब्लॉकली यांचे.

दोन रिकामी छिद्रे

मास्तरांनी यंत्राच्या मागच्या पत्र्यावरची दोन रिकामी छिद्रे दाखवली. ‘‘हे घड्याळ बदललेलं आहे,’’ ते म्हणाले. या घड्याळांत मुळात ‘व्हर्ज’ जातीची रचना असे. राजमुकुटासारख्या उभ्या दातांचे एक चाक आणि त्याला आलटून पालटून अडवणाऱ्या दांडीवरच्या दोन जिभा. ही रचना फार नेमकी नाही. पण घड्याळ जरा कलते ठेवले तरी चालते. फिरत्या घड्याळाला हा गुण मोठा. पुढे वेळ काटेकोर हवी झाली तेव्हा पुष्कळ जणांनी ती काढून नांगराच्या आकाराची नवी रचना बसवली. आमच्याही घड्याळावर तो संस्कार झाला होता.

चोर बाजारात मटण स्ट्रीटवर चौकशी करून आलेल्या धाकट्याला हे कळले तेव्हा तो हिरमुसला. मूळची रचना नसेल तर किंमत पुष्कळ उतरते, असे त्याला तिथे सांगितले होते. ‘‘मग इतका खर्च कशासाठी?’’ तो मास्तरांना म्हणाला.

मास्तरांनी भिंग काढले. ‘‘हे कुणी फसवायला केलेलं नाही. घड्याळ चालावं म्हणून केलंय. तुम्हाला विकायचं असेल तर विका, ठेवायचं असेल तर ठेवा. मी काम दोन्ही वेळा सारखंच करीन.’’

मग त्यांनी पुढचा पत्रा उलटा करून दिव्याखाली धरला. घड्याळ दुरुस्त करणारे आतल्या बाजूला सुईने खूण ओरखडून ठेवतात, ही जुनी रीत. तिथे तीन-चार इंग्रजी ओरखडे होते आणि एक मोडीत. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्याने पुढे तो वाचून दिला: ‘साफ केले. शके १७९८.’ म्हणजे इसवी सन १८७६. राजाबाई मनोरा पुरा व्हायच्या दोन वर्षे आधी कुणी मराठी कारागीर आमच्या साहेबांच्या पोटात शिरला होता. नाव त्याने लिहिले नाही. काम केले, तारीख घातली आणि पत्रा मिटला.

दीड महिन्याने घड्याळ चालते झाले. मास्तरांनीही आपली खूण ओरखडली, फक्त साल. ‘‘नाव घाला की,’’ मी म्हणालो. ‘‘पुढचा उघडील त्याला नावाचं काय करायचंय?’’ ते म्हणाले. पुढचा कोण, हे मी विचारले नाही. मास्तरांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो, आणि उत्तम करतो.

ज्या वाचकांच्या घरी असे जुने घड्याळ आहे, त्यांच्यासाठी मास्तरांच्या चार सूचना देतो. पितळी तबकडी चिंचेने किंवा पॉलिशने घासू नका; आकड्यांच्या कड्यावर चांदीचा पातळ हात असतो, तो कायमचा जातो. यंत्रात खोबरेल घालू नका. ते घट्ट होते, धूळ धरते आणि चाकांची टोके झिजवते. काटे मागे फिरवू नका. पुढे नेताना प्रत्येक ठोका पुरा होऊ द्या. आणि लंबक मोकळा ठेवून घड्याळ कधी हलवू नका.

घड्याळ परळच्या घरी आले त्या रात्री धाकटा मुक्कामाला होता. विकण्याचे सकाळी बोलू, असे म्हणून आम्ही दिवे मालवले. बऱ्याच वेळाने अंधारात पावले वाजली. मग दोरीची बारीक कुरकुर, आणि ठोके. अकरा. त्यामागून टिंग-टँग, टिंग-टँग, टिंग-टँग. पाऊण तास. मी जागाच होतो. धाकटा फळीपाशी उभा होता.

‘‘दादा,’’ तो म्हणाला, ‘‘मला वाटायचं, ते स्वप्न होतं.’’

सकाळी चोर बाजाराचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही. चहा पिताना ठरले ते इतकेच: घड्याळ एक वर्ष माझ्याकडे आणि एक वर्ष त्याच्याकडे. वर कडी आहेच. दर दिवाळीला वसुबारसेच्या दिवशी न्यायचे.

यंदा साहेब दादरला गेले. लंबक काढून पंचात गुंडाळला, पेटी मांडीवर घेतली आणि टॅक्सीवाल्याला सावकाश चालवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी धाकट्याचा फोन आला. ‘‘दर दोन तासांनी बंद पडतंय रे!’’

‘‘टिकटिक लंगडी येते का ऐक,’’ मी म्हणालो. ‘‘येत असेल तर फळी सारखी नाही. डाव्या पायाखाली पोस्टकार्डाची घडी सरकव. मास्तरांनी सांगितलंय.’’

तो ऐकत होता. फोनमधून मलाही ऐकू येत होते. टिक आणि टॉक यांच्यामध्ये सारखे अंतर पडेपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही.